पुराणिककाकांची जेवणाची सुट्टी

आमचे घरमालक पुराणिककाका रोज बाराच्या ठोक्याला डबा घेऊन घराबाहेर पडत आणि स्वतःच्याच ओट्यावर बसून जेवत. डबाही त्यांनीच भरलेला. मिल बंद पडून दोन वर्षं झाली होती, काकू तर त्याच्याही आधी गेलेल्या. पण विणाई खात्यातल्या या जॉबर-मुकादमाची जेवणाची सुट्टी काही चुकली नाही. "घरात जेवलो की एकदम बेकार वाटतं, बेटा."

मी लग्न होऊन गुहागरहून राजेंद्र नगरात आलेली. शाळा आठवीत सुटलेली, हिंदी येईना, भाजीवाल्यालासुद्धा घाबरायची. काका येता-जाता विचारत, "जेवलीस का?" तेवढ्यावर मी इंदूरचे पहिले महिने काढले.

मग एके दिवशी त्यांनी विचारलं, "आल्मुएर्थास?"

मला वाटलं, काकांना ऊन लागलं.

ती स्पॅनिश होती. मुलगा स्पेनमध्ये, बायको तिकडचीच, आणि पाच वर्षांच्या नातीला तेवढी एकच भाषा. मागे फोनवर काका नुसतं "हॅलो, हॅलो" करत राहिले आणि पोरीने कंटाळून फोन ठेवला. तेव्हापासून रद्दीतून आणलेलं पुस्तक डब्याशेजारी. "आजोबाने पहिलं काय विचारायचं? जेवलीस का! बस, तेवढं जमलं पाहिजे."

क्रियापद मात्र आडमुठं निघालं. काका वैतागले की मीसुद्धा इंदुरी 'भिया', म्हणजे भैया.

"हे बघ, पुस्तकात 'आल्मोर्थार', दुपारी जेवणं. मी जेवतो, 'आल्मुएर्थो'. तू जेवतेस, 'आल्मुएर्थास'. पोटातला 'ओ'च बदलतो, भिया! आणि आम्ही जेवतो म्हटलं की 'आल्मोर्थामोस', पुन्हा जसंच्या तसं! मिलमध्ये साच्यावर, मागावर असा धागा आला असता ना, तर मागच्या पाळीवाल्याला धुतला असता."

तालमीत नात मी. मी तांदूळ निवडत बसे. काका विचारत, "के आल्मुएर्थास?" म्हणजे काय जेवतेस? मी म्हणायचं, "आल्मुएर्थो भात!" चुकले की "फिर से". ओरडा न खाता काही पाठ होतं, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर मुलाचा फोन येई. तिकडे तेव्हा दुपार. त्या रविवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. "तू फक्त जवळ उभी राहा."

मुलाने पोरीला फोन दिला. काकांनी डोळे मिटले. "के आल्मुएर्थास?"

पलीकडे बारीक आवाज. काकांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "लेन्तेखास म्हणते! मसूर गं, मसूर! डाळ खातेय पोरगी!" पुन्हा कानाला लावला, आणि चेहरा उतरला. "विचारतेय, तू काय जेवतोस."

हे तालमीत नव्हतंच. आजोबांनी विचारायचं, नातीने सांगायचं. काकांना कुणी उलट विचारेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी तरी कधी विचारलं होतं?

मी त्यांची बाही ओढली आणि तालमीतलं माझं, नातीचं वाक्य त्यांच्या कानात सांगितलं.

"आल्मुएर्थो... पोळी-भाजी," काका म्हणाले. पलीकडे कुणीतरी "पोळी-भाजी" म्हणून बघत खुदखुदलं.

परत आलो तर डबा ओट्यावर तसाच, झाकण लावलेला. धास्तीने दिवसभर त्यांनी घास घेतला नव्हता.

"आता खायलाच पाहिजे," काका म्हणाले. "पोरीला सांगून बसलोय."

डबा उचलून ते घरात गेले. थोड्या वेळाने आतून हाक आली, "बेटा, ये. दोन ताटं घेतलीत."