तात्यांचं चॉकलेट आणि गप्प कावळे

आमच्या कॉलनीत भर दुपारी बारा वाजता कावळे गप्प बसतात. खोटं वाटत असेल तर या एकदा कोल्हापूरला. शेजारच्या तात्यांच्या गच्चीच्या कठड्यावर सात-आठ कावळे ओळीनं बसलेले असतात, माना तिरप्या, चोची बंद. समोर स्टीलच्या ताटलीत काळीकुळकुळीत, अंगठ्याएवढी फळं. ताटलीमागे हात जोडून तात्या, अंगात पांढरा लॅबचा कोट. "घ्या की पावणं," ते कावळ्यांना म्हणतात. एकही हलत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग सगळे एकदम उडतात आणि पंखांचा तेवढा आवाज होतो. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा धुतलेली साडी बादलीत तशीच टाकून खाली पळाले होते. दूधवाला तर आता पिशवी फाटकालाच अडकवून पसार होतो.

तात्या निवृत्त केमिस्ट. सारी हयात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. "मोजल्याबिगर बोलायचं न्हाय, बाई," हे मला कायम ऐकवणार. (मी शाळेत शिकवत होते, म्हणून अख्ख्या गल्लीची बाई.) बाजारात पेरू घ्यायचा तरी खिशातून मीटर निघतो. त्यावर रसाचा थेंब टाकून, एक डोळा मिटून साखर बघतात. फळवाली ओरडते, "अवो, खाऊन बघा की!" तर म्हणतात, "जीभ खोटं बोलती. मीटर बोलत न्हाय."

आणि नशीब बघा. ज्यानं जन्मभर साखर मोजली, त्याच्याच बायकोला साखरेचा आजार. मालूताईंना डॉक्टरांनी गोड बंद केलं, त्याच संध्याकाळी तात्यांनी साखरेचा डबा, गुळाची ढेप, एवढंच काय देवापुढची खडीसाखरसुद्धा आमच्या घरी आणून ओतली. देवालाही पथ्य!

मग मोबाइलवर बघून ते चॉकलेट शिकले. स्ट्रॉबेरी, पेरूची पातळ फोड, ओल्या खोबऱ्याची कातळी. प्रत्येक तुकडा जुन्या धोतराच्या कापडानं कोरडा करायचा, कारण "पाण्याचा थेंब पडला की चॉकलेट रुसतंय." बिनसाखरेचं चॉकलेट गरम पाण्यावर वितळवायचं, त्यात चमचाभर खोबरेल आणि साखरेऐवजी गोड तुळशीची, म्हणजे स्टीव्हियाची, चिमूटभर पावडर, तीसुद्धा काट्यावर तोलून. मग फळ काडीला टोचून बुडवायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. रोज सकाळी दोन तास हा यज्ञ चालायचा. मालूताई शेजारी कापड घेऊन उभ्या. बाराला त्या ताटली घेऊन "उन्हात बसून खाते" म्हणत गच्चीवर जायच्या आणि रिकामी ताटली खाली आणायच्या. तात्यांची छाती फुगायची. पाच वर्षं असं चाललं.

गेल्या थंडीत मालूताई गेल्या. झोपेत, कुणाला त्रास न देता. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. घाटभर कावळे, पण आमच्याकडे एकही फिरकेना. मुलगा हात जोडून बोलला, सून बोलली, मीही "तुमच्या तुळशीला पाणी घालीन" म्हटलं. कुणी जिलेबी ठेवली, कुणी बासुंदी. छे! शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. एक पाहुणी कुजबुजली. आता कोल्हापूरची कुजबुज ती, पैलतीराला ऐकू गेली असेल. "गोडाला तरसून गेली बिचारी. ह्यानंच मारली तिला उपाशी."

तात्यांनीही ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर ताटली सुरू झाली. "हिला हेच आवडायचं, बाई. एकदा कावळा शिवला की सुटली ती." ताटलीशेजारी मालूताईंची प्लास्टिकची खुर्ची. ऊन कलेल तशी तात्या त्या रिकाम्या खुर्चीवर छत्री सरकवायचे. मधेच तिकडं मान वळवून थांबायचे, समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघतो ना आपण, तसे. आणि जेवण त्यांनी जवळजवळ टाकलंच होतं. "ती उपाशी हाय, मी कसं गिळू?" लॅबचा कोट खांद्यावरून ओघळायला लागला, तशी मला खरंच धास्ती बसली. हा माणूस असाच बायकोच्या मागं जाणार.

आणि मला सगळं माहीत होतं. मालूताईंनी गळ्याची शपथ घालून ठेवली होती, म्हणून तोंड शिवून बसले होते. पण एका अमावास्येला, कावळे समोर असतानाच, तात्यांना भोवळ आली. आमच्या गच्च्या जोडून आहेत. या वयात मी कठडा कसा ओलांडला, देव जाणे. कावळे जागचे हलले नाहीत. तात्यांना पाणी पाजलं आणि म्हटलं, गेली ती शपथ खड्ड्यात.

"तात्या, ताईंनी हे कधी खाल्लंच नाही."

"आं?"

"पहिले दोन दिवस खाल्लं, तेवढंच. मग कावळ्यांना घातलं. तेही दोनच दिवस शिवले, नंतर नुसते बघत बसायचे. मग ताई ते त्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायच्या."

तात्यांनी कढीपत्त्याकडं बघितलं. पुरुषभर उंच, अख्ख्या कॉलनीला पुरेल एवढा. मग त्यांनी ताटलीतली एक स्ट्रॉबेरी उचलली आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच तोंडात टाकली.

"आयला! कारल्याचा बा हाय की ह्यो!"

मला हसू आवरेना. तेही हसले, आणि हसता हसताच रडायला लागले. "मग बोलली का न्हाय मला?"

"मी विचारलं होतं. म्हणाल्या, 'बाई, पस्तीस वर्सं कारखान्यानं ह्यांचं तोंड बघू दिलं न्हाय. आता रोज दोन तास माझ्याशेजारी हुभं ऱ्हात्यात. कडू तर कडू. करू द्यात की.'"

त्यांनी कोटाच्या बाहीला डोळे पुसले. मग विचारलं, "म्हंजे उपाशी न्हाय गेली?"

"नाही हो तात्या. सुखात गेली."

"मग दहाव्याला कावळा का शिवला न्हाय?"

कावळे आमच्याकडं नाही, खुर्चीकडं बघत होते. तात्याही तिकडंच बघत होते.

"जायाचंच नसंल तिला," ते हळूच म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी माझ्याकडं बसून दोन भाकऱ्या आणि पिठलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चॉकलेटचा वास आला. मी आमटीची वाटी घेऊन गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. तात्या ओट्याशी एकटेच भांडं ढवळत होते.

"सरक की जरा, वाफ लागंल," ते शेजारच्या मोकळ्या जागेला म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आज गोड तुळस वाढवलीया. चाखून बघ. आणि ह्या वेळी खरं सांग मला."

मी दार अडवून उभी होते. ताईंच्या वाटेत नको म्हणून गुपचूप चौकट सोडून बाजूला झाले.