टायरच्या टाचा

मागचा टायर पार गोटा झालाय, बदलायला हवा, असं टायरवाल्याने हवा भरता भरता सांगितलं आणि चिरंजीव घाबरून चाकाशी वाकले. टायर बदलायचं दुःख नव्हतं. टायर काय, झिजायलाच जन्माला येतो. दुःख होतं ते त्याच्या कडांचं. टायर मधोमध चपाती लाटल्यासारखा सपाट झाला होता आणि दोन्ही कडा मात्र कारखान्यातून आल्या तशा कोऱ्या. त्यांवरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. तर चिरंजीव बसायचे जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर. वय एकेचाळीस, घरात आई आणि ते, दोघंच. चौदा वर्षं सगळं ऑफिस त्यांना गोगलगाय म्हणायचं आणि तेही तोंडावर. मग एके दिवशी त्यांनी शर्यतीच्या धाटणीची निळी मोटारसायकल घेतली. टाकीवर पोट टेकवून चालवायची, सुरू केली की खिडक्यांची तावदानं थरथरायची. दुसऱ्या दिवसापासून ऑफिस त्यांना वादळ म्हणायला लागलं. माणसाला एकदा असं नाव मिळालं की ते पोसावं लागतं. चिरंजीवांनी ते डोंगरातल्या रस्त्यावर पोसलं. तिथली अठरा वळणं आपण गाडी आडवी घालून कशी घेतो, गुडघा रस्त्याला कसा टेकतो, हे डब्याच्या वेळी ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याचा घास हातात राहायचा.

खरी गोष्ट एवढीच की गाडी घरून ऑफिसला जायची आणि ऑफिसातून घरी यायची. रस्ता नाकासमोर. पोस्टापाशी एक वळण लागायचं, तिथे चिरंजीव दोन्ही पाय खाली सोडून बदकासारखे चालत गाडी वळवायचे आणि कुणी पाहिलं नाही ना, म्हणून मागे बघायचे.

ऑफिसचा स्टोअरकीपर हा माणूस टाचणी द्यायची तरी तीन सह्या घेणारा. त्याच्याकडे तशीच एक लाल गाडी होती. ऑफिसातल्या गाडीवाल्या सहा जणांनी येत्या रविवारी डोंगरावर जायचं, पुढे वादळाने राहायचं, हे त्यानेच ठरवलं होतं. टायर बदलायचा आहे म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. टायर म्हणजे माणसाची कुंडली, तो म्हणाला. कडेपर्यंत झिजलेला असेल तर गाडी वाकवणारा गडी आणि नुसता मधेच झिजलेला असेल तर हातगाडीवाला. बुधवारी संध्याकाळी तो स्वतः सोबत येणार होता. वादळाचा जुना टायर ऑफिसात रेकॉर्ड-रूमच्या भिंतीवर टांगायचा, असंही त्याने जाहीर करून टाकलं.

त्या रात्री चिरंजीवांना अन्न गोड लागलं नाही. चौदा वर्षांची गोगलगाय त्यांच्या डोळ्यांपुढे शिंगं काढून उभी राहिली. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते दुपारी घरी आले. आई झोपली आहे याची खात्री करून घेतली आणि मोरीतून तिची टाचा घासायची वज्री उचलली. मग जिन्याखाली गाडीचं मागचं चाक स्टँडवर उचलून ते उजवी कड घासायला बसले. अर्ध्या तासात घामाची अंघोळ झाली आणि कडेवरचे केस तेवढे गेले. रबराला जेमतेम ओरखडा.

आईची झोप म्हणजे मांजराची झोप. ती कधी येऊन मागे उभी राहिली, त्यांना कळलंच नाही.

"एकेचाळीस वर्षांत स्वतःच्या टाचा कधी घासल्या नाहीस," ती म्हणाली, "आणि चाकाच्या घासतोयस होय?"

चिरंजीवांनी सांगितलं की नवा टायर बसवण्याआधी जुना स्वच्छ करून द्यावा लागतो, तशी पद्धत आहे.  आई चार इयत्ता शिकलेली. पण घासायच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि कच्चं काम दिसलं की तिच्या अंगाची आग व्हायची. सरक तिकडे, हे घासणं झालं की गोंजारणं, असं म्हणून तिने पदर खोचला, वज्री हिसकावून घेतली आणि डाव्या बाजूला बसली. पुढच्या तासाभरात तिने ती डावी कड अशी घासली की आणखी थोडं थांबली असती तर आतली हवा दिसली असती. तेवढ्यात दूधवाला आला म्हणून ती उठली. वज्री दूधवाल्याला दिसली तर नसते प्रश्न निघतील म्हणून चिरंजीवांनी ती जॅकेटच्या खिशात टाकली आणि गाडी काढली.

टायरवाल्याच्या दुकानात स्टोअरकीपर आधीच येऊन स्टुलावर बसला होता. चाक निघालं, यंत्रावर चढलं, टायर सुटून जमिनीवर आला. टायरवाला वयस्क, कमी बोलणारा. त्याने टायर एका बाजूने पाहिला, उलटा करून दुसऱ्या बाजूने पाहिला.

"साहेब, तुम्ही नुसते डावीकडेच वळता का?"

 डोंगरात डावी वळणंच जास्त आहेत, चिरंजीव म्हणाले.

स्टोअरकीपरने हिशेबी मान वाकडी केली. "पण जाताना जी डावी, तीच येताना उजवी होतात की."

"येताना मी हळू येतो."

हे उत्तर स्टोअरकीपरला पटलं. तो तर मान डोलवायलाही लागला होता, पण टायरवाल्याने डाव्या कडेवरून अंगठा फिरवला. "हे ओरखडे गोल गोल आहेत," तो म्हणाला. "रस्ता असा घासत नाही. हे कुणीतरी मांडी घालून घासलंय."

 तेवढ्यात दुकानाच्या दारात आई येऊन उभी राहिली. वज्री शोधून शोधून तिने मोरी पालथी घातली होती, मग अक्कल चालवली आणि थेट इथे आली. ती वज्री नवऱ्याने हौसेने आणलेली, सव्वीस वर्षं वापरातली. ती दुसऱ्याच्या खिशात राहिलेली तिला खपण्यासारखं नव्हतं. चिरंजीवांनी डोळ्यांनी, भुवयांनी, हातांनी जेवढ्या म्हणून विनवण्या करता येतात तेवढ्या केल्या. पण आईची नजर टायरवर गेली होती, आणि आपलं काम चारचौघांत ओळखू येतं याचा तिला अभिमान वाटला.

"डावी बाजू माझी आहे," चिरंजीवांच्या खिशातून वज्री उपसत ती टायरवाल्याला म्हणाली. "उजवी याची. हात लावून बघा, फरक कळेल."

 स्टोअरकीपरने एकदा टायरकडे पाहिलं, एकदा वज्रीकडे, आणि तो हसायला लागला. पोट धरून, स्टुलावरून घसरेपर्यंत हसला. चिरंजीवांना वाटलं, जमीन दुभंगावी. जमीन काही दुभंगली नाही, सिमेंटची होती.

टायरवाल्याने नवा टायर गुंडाळीतून सोडवत विचारलं, "बाहेर ती लाल गाडी तुमचीच ना? परवा हवा भरली मी. केस तिच्याही टायरला आहेत."

स्टोअरकीपरचं हसू दाराच्या फटीत बोट सापडावं तसं मधेच थांबलं. आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, वज्री पदरात बांधली आणि ती निघून गेली.

नवा टायर बसला. टायरवाल्याने बजावलं की नवं रबर निसरडं असतं, पहिले शंभर किलोमीटर गाडी अजिबात वाकवू नका. चिरंजीवांना ते बोल अमृतासारखे लागले. दुकानाबाहेर येऊन त्यांनी स्टोअरकीपरचे हात धरले. म्हणाले, उद्या तूच सगळ्यांना सांगून टाक, मला गोगलगाय म्हणा, काय वाटेल ते म्हणा, रविवार तेवढा रद्द करा. आणि म्हणता म्हणता त्यांना जाणवलं की चौदा वर्षं त्या नावाखाली किती निवांत होतो आपण.

"वेडा आहेस का," स्टोअरकीपर खालच्या आवाजात म्हणाला. "आज तुझे टायर बघितले तर उद्या माझे बघतील. तू वादळ आहेस. वादळच राहायचं."

गुरुवारी सकाळी सातला दार वाजलं. स्टोअरकीपर लाल गाडी घेऊन उभा होता. मावशी, ती वज्री जरा मिळेल का, असं विचारताना त्याने कुणाची सही मागितली नाही. आईने त्याला वज्री दिली नाही. स्वतःच खाली आली आणि त्याच्या दोन्ही कडा करून दिल्या. संध्याकाळी हजेरीपटाचा कारकून आला. शुक्रवारी दोघं आले, अर्ध्या तासाच्या अंतराने, आणि प्रत्येकाने दुसऱ्याला सांगू नका म्हणून आईच्या पाया पडून घेतलं. शनिवारी शिपाईही येऊन गेला. तोवर रेकॉर्ड-रूममध्ये टायर टांगून झाला होता, डावी बाजू बाहेर करून.

रविवारी चिरंजीव पुढे निघाले. मरायचंच आहे तर सकाळच्या गारव्यात मरू, एवढंच समाधान. पहिल्या वळणाशी नवं रबर, खाली दरी आणि मागे पाच गाड्या. त्यांनी डोळे अर्धे मिटले, दोन्ही पाय खाली सोडले आणि बदकासारखे चालत वळण घेतलं. आता मागून हसू येणार म्हणून कान बंद करता आले असते तर केले असते. हसू आलं नाही. आरशात पाहिलं तर मागे पाच बदकं एका ओळीत, पाय टाकत, अतिशय गंभीर चेहऱ्यांनी येत होती. अठरा वळणं अशी पार पडली. एक शाळेची बस हॉर्न वाजवून वाजवून थकली. वर पोहोचल्यावर स्टोअरकीपरने घाम पुसला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की वादळाच्या मागे गाडी चालवणं खायचं काम नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं, असं एकमताने ठरलं. चिरंजीवांचं मत कुणी विचारलं नाही.

घरी येऊन त्यांनी गाडी जिन्याखाली लावली आणि पायरीवरच बसकण मारली. आई जिन्याखाली उतरली, चष्मा लावून मागच्या टायरशी वाकली आणि कडेवरून बोट फिरवलं. केस जागच्या जागी होते.  तिने चटई पसरली, पदर खोचला आणि खाली बसली. मग हातातली वज्री उजेडाकडे धरून तिने उलटसुलट पाहिली.

"ही पार गोटा झालीये," ती म्हणाली. "बदलायला हवी. आणि या खेपेला उजवी बाजूही मीच करणार."