वरची कोथिंबीर

आमच्या खालच्या मजल्यावरचे सबनीसकाका भाजीवाल्याने सांगितलेला भाव ऐकून घेतात, मान डोलावतात आणि तेवढेच पैसे काढून देतात. एवढ्यावरूनच हा माणूस साधा नाही हे ओळखावं. आमच्या दौलतगंजात सांगितलेल्या भावात भाजी घेणारा एकतर परगावचा असतो, नाहीतर त्याची गाडी सुटत असते. काकांचं तसं काहीच नसतं. पैसे दिल्यावर मात्र ते पिशवीचं तोंड उघडं धरून तसेच उभे राहतात आणि शांतपणे विचारतात, "और ऊपर का?"

वरचं म्हणजे कोथिंबीर, दोन मिरच्या, फार तर आल्याचा तुकडा. मराठीतलं 'वरचं' काकांनी परस्पर हिंदीत नेलं. ग्वाल्हेरात आम्ही मराठी माणसं असंच करतो, अर्धं वाक्य इकडचं आणि अर्धं तिकडचं. पण हिंदीत 'ऊपर का' म्हणजे काय, हे काकांच्या डोक्यात कधी शिरलं नाही. एकदा एका कार्यालयात (नाव सांगत नाही) पैसे भरून झाल्यावर त्यांनी सवयीने विचारलं, "और ऊपर का?" खिडकीतला माणूस पांढरा पडला. "धीरे बोलिए साहब," तो म्हणाला, "कैमरा लगा है." काकांना फक्त एक कॅलेंडर हवं होतं.

मला या माणसाचा राग होता, आणि त्याला कारण होतं. मी घरी मसाले आणि फराळ करून विकते. एका शेगडीवर सुरुवात करून आज हा वरचा मजला माझ्या नावावर आहे, तो काही गोड बोलून झालेला नाही. तेल चढतं, गॅस चढतो, शेंगदाणे तर सोन्याशी शर्यत लावतात. बिस्किटाचा पुडा तेवढ्याच किमतीत अंगाने झडत चाललाय, आणि साबणाला तर चक्क कंबर आलीय. अशा दिवसांत मी भाव पाडल्याशिवाय जागचा पाय हलवत नाही. आणि एक दिवस भेंडी चाळीसवर आणायला बसले, तर हरीराम भाजीवाला म्हणतो, "बाईसाहब, नीचेवाले साहब तो साठ में ले गए. और हँसकर ले गए."

ते 'हँसकर' मला फार झोंबलं. तशीच काकांच्या दारात गेले.

"काका, तुम्ही आमचा बाजार बिघडवताय."

"मी? कसा?"

"साठ म्हटले की साठ देता!"

"अहो, त्याच्या मुलीचं लग्न आहे म्हणाला."

"मी इथे राहायला आले तेव्हापासून त्याच्या मुलीचं लग्न आहे!"

"अरेरे," काका म्हणाले, "मग किती काळजी असेल बिचाऱ्याला."

तरी मी सोडलं नाही. वीस रुपये जास्त देऊन चार काड्या कोथिंबीर आणण्यात कसला शहाणपणा, असं विचारलं. तेव्हा त्यांनी मला त्यांचं आवडतं वाक्य ऐकवलं. "ताई, भाव बाजार ठरवतो. वरचं माणूस ठरवतो. भाव काय, अनोळखी माणसालाही सांगतात. कोथिंबीर ओळखीच्यालाच मिळते."

काका शाळेत चित्रकला शिकवत असत. काकू होत्या तेव्हा दोघं जोडीने बाजारात जायची. काकू निवडायच्या, काका पिशवी धरायचे. मग संध्याकाळी काकू जिन्याच्या पायरीवर बसून ती वरची कोथिंबीर निवडायच्या, मुळं एकीकडे, पानं एकीकडे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून बोलायच्या. काकू गेल्यावरही कोथिंबीर येत राहिली. पण काका ती मुळांसकट पाण्याच्या ग्लासात उभी करायचे आणि खिडकीत ठेवायचे. पिवळी पडली की टाकायचे, आणि दुसरी मागायला जायचे.

मग त्यांचा गुडघा बसला. बाजार बंद झाला. पुण्याच्या लेकीने फोनमध्ये घरपोच सामानाचं अॅप टाकून दिलं, पैसेही तीच भरणार. पहिली पिशवी आली, काकांनी ती रिकामी केली, उलटी करून झटकली आणि सरळ कंपनीला फोन लावला. मी फराळाचा डबा द्यायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. आधी बराच वेळ 'आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है' वाजलं. काकांना ते खरंच वाटलं, त्यांनी दोनदा "धन्यवाद" म्हटलं. मग एक मुलगी बोलायला आली.

"बेटी, ऊपर का नहीं आया."

"सर, ऊपर का मतलब?"

"धनिया."

"सर, धनिया आपने ऐड नहीं किया था. ऐड करेंगे तो चार्ज लगेगा."

"चार्ज लगा तो वो ऊपर का कैसे हुआ?"

मुलगी गडबडली. शेवटी म्हणाली, काही सांगायचं असेल तर ऑर्डरच्या खाली लिहीत जा. काकांनी सुवाच्य अक्षरांत लिहून टाकलं, 'ऊपर का देना मत भूलना.'

पुढची पिशवी माझ्या दारात आली. मी चिवडा परतत होते. दारातला माणूस धापा टाकत म्हणाला, "लिखा है ऊपर देना. तो ऊपर दे रहा हूँ." आणि गेला. चिवडा लागला. मी चरफडत पिशवी खाली नेऊन दिली. काकांनी एकेक जिन्नस बाहेर काढला, पिशवीत डोकावून पाहिलं, तळाशी हात फिरवला.

"नाही दिलं," ते म्हणाले. मग माझीच समजूत घातल्यासारखं म्हणाले, "अजून ओळखत नाहीत ना. पुढच्या खेपेला देतील."

पुढच्या खेपेला पिशवी पुन्हा वर आली, मी पुन्हा खाली नेली, त्यांनी पुन्हा तळाशी हात फिरवला. "अजून ओळख पटलेली दिसत नाही," म्हणाले. या वेळी आवाज जरा बारीक होता.

मी दिवाळीतसुद्धा गिऱ्हाइकाला एक लाडू वर घालत नाही. पण तो पिशवीच्या तळाशी फिरणारा हात काही माझ्या डोळ्यांपुढून जाईना. त्यानंतरची पिशवी आली तेव्हा मी फ्रीजमधली मूठभर कोथिंबीर आणि दोन मिरच्या काढल्या, वर ठेवल्या आणि काही न बोलता खाली नेऊन दिली.

"बघा सुमनताई!" काका केवढ्याने ओरडले! "मी म्हणत नव्हतो? कंपनी असली तरी आत माणूसच बसलाय!"

हे त्यांनी साऱ्या इमारतीला सांगितलं. आता माघार कशी घेणार? दर पिशवीला कोथिंबीर घालत राहिले. पावसाळ्यात कोथिंबिरीचा भाव आभाळाला टेकला, तेव्हा सगळा राग हरीरामवर काढला. "बाईसाहब, दो-दो गड्डी किसलिए?" तो विचारायचा. "तुमको क्या करना है?" मी म्हणायची.

गुडघा सुधारल्यावर एका दुपारी काका कठड्याला धरत धरत स्वतःच वर आले. मी चहा ठेवला. म्हटलं, "काका, फोनमधलं ते 'ऊपर का' काढून टाकू का? बिचारे उगाच जिना चढतात."

"काढा," काका म्हणाले. चहा फुंकला. "ताई, एक विचारू? कंपनीची कोथिंबीर निवडलेली कशी असते हो?"

बाजारातून आणलेली कोथिंबीर निवडल्याशिवाय मी फ्रीजमध्ये ठेवतच नाही. हाताची सवय. चोरी करतानासुद्धा सुटली नाही.

"पहिल्या खेपेपासून माहीत होतं?"

"पहिल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"वरचं मिळालं की हिशेब विचारू नये." कपातला शेवटचा घोट त्यांनी सावकाश घेतला. "ही गेल्यापासून घरात निवडलेली कोथिंबीर आली नव्हती. तिला मुळं नसतात ना, ग्लासात उभी राहीना. मग काय करणार? वरण केलं आणि वर घालून खाल्ली."

मला अशा वेळी रागावण्याशिवाय दुसरं काही येत नाही. मी रागावूनच म्हटलं, "उद्यापासून बाजारात माझ्याबरोबर चला. भाव मी करणार. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"आणि वरचं?"

"ते तुम्ही मागा."

आम्हाला दोघांना एकत्र येताना पाहून हरीरामने कपाळावर हात मारला. मी भेंडी चाळीसवर आणली, आणि लगेच काकांनी पिशवी पुढे केली. "और ऊपर का?" हरीराम शेजारच्या कांदेवाल्याला म्हणाला, "देख लो भैया. एक नीचे उतारती हैं, दूसरे ऊपर का माँगते हैं." पण जुडी मोठी दिली. गुडघा कसा आहे तेही विचारलं.

घरी आल्यावर काका जिन्याच्या पायरीवर टेकले आणि जुडी माझ्यापुढे धरली. "निवडून द्याल?"

"निवडणावळ पडेल."

"सांगाल ती," काका म्हणाले. घासाघीस केली नाही.