आबाजी अर्जनवीस आणि नागपूरचा फैसला

मेहकरच्या पोस्टाच्या ओट्यावर डाकेची थैली फुटली की पोस्टमन मोठ्यानं नावं वाचायचा. ज्याचं नाव येई तो हात पुढे करी आणि टपाल घेऊन घरी जाई. आबाजींचं तसं नव्हतं. ते सर्वांच्या पुढे, टोपी सारखी करून, छाती काढून उभे राहत. नाव दुसऱ्याचं निघालं तरी घसा साफ करून सांगत, "अर्जदार कुमारी वत्सला, तर्फे बाप, हाजीर आहे." थैली रिकामी होईपर्यंत हे चालायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खरोखर हादरलो. मला वाटलं, माणूस गेला कामातून.

आबाजी आमचे भिंतीला भिंत शेजारी. तहशील कचेरीच्या आवारात चिंचेखाली सतरंजी टाकून बसायचे आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायचे. कचेरीचा रिवाज असा की चपराशी तीनदा पुकारा करतो, आणि तिसऱ्या पुकाऱ्यालाही पक्षकार आला नाही तर काम खारीज. आबाजींनी आयुष्यभर अशी कामं खारीज होताना पाहिलेली. त्यामुळे त्यांची पक्की समजूत होती की पोस्टातला पुकारा चुकला तर वत्सलेचं पाकीट उलट नागपूरला जाणार.

"आबाजी, पोस्ट म्हणजे कोर्ट नव्हे," मी समजावलं. "तुम्ही नसलात तर पोस्टमन घरी आणून देतो."

"तू आपले पत्रकं वाट बे. कायद्यात काऊन पडून राह्यला?"

पत्रकं मी वाटतो हे खरं. हुंडा असो, शिवाशिव असो, जिथे अन्याय दिसेल तिथे चार ओळी छापून लोकांच्या हातात कोंबायच्या, हे माझं काम. आणि अन्याय तर भिंतीपलीकडेच चालला होता.

वत्सला ही आबाजींची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली. अमरावतीला राहून ती बी.एस्सी. झाली आणि पुढं रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचं म्हणून नागपूरच्या कॉलेजात अर्ज केला. जागा मोजक्या, आणि त्या वर्गात तोवर मुलगी बसलेली नाही. अर्ज तिनं स्वतः इंग्रजीत लिहून पाठवला. आबाजींनी एकच विचारलं, "कोर्ट फीचं तिकीट लावलं काय?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गुपचूप एक तिकीट नागपूरला रवाना केलं, सोबत चिठ्ठी: सदरहू अर्जास तिकीट लावणे नजरचुकीने राहिले, ते डकवून घेण्याची मेहेरबानी व्हावी.

वत्सलेला कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात डोकं धरून बसली. "नागपूरचे प्रोफेसर मला वेडी समजतील."

"समजू दे. अर्ज तं कच्चा समजणार नाहीत."

मग सुरू झालं वाट पाहणं. दूधवाल्यानं विचारलं तरी आबाजींचं उत्तर एकच, "निकाल राखून ठेवला आहे." वत्सलेची तऱ्हा वेगळी. ती चिंच घेऊन घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी घासायची. घरातली संपली तेव्हा शेजारपाजारची मागून आणली. आमच्या आईचं घंगाळही नेलं. "हेही रसायनशास्त्रच आहे," असं म्हणायची, पण म्हणताना हसायची नाही.

त्यातच बीबी गावाहून स्थळ आलं. शेतीवाडीचं मोठं घर. मुलाचे काका गणपतराव स्वतः येऊन बसले. आषाढी एकादशीनंतर चार महिने लग्नं होत नाहीत, म्हणून त्यांना ज्येष्ठातच बार उडवायचा होता. नागपूरचं उत्तर मात्र ज्येष्ठ संपल्याशिवाय येण्याचं लक्षण नव्हतं. आबाजी काय म्हणाले असतील? "तारीख वाढवून द्या." गणपतरावांनी दिली. पुन्हा आले, तर पुन्हा, "तारीख वाढवून द्या."

माझं डोकं फिरलं. पदवीधर मुलगी, आणि तिचा बाप तिला दोन्हीकडे टांगून ठेवतो. मी तोंडावर सांगितलं, "सरळ नाही म्हणा."

"नाही म्हणायले काय लागते बे? उद्या नागपूरनं बी नाही म्हटलं तं पोरीले कोणाच्या दारात उभी करू?"

मी घरी येऊन पत्रकच लिहायला घेतलं. मथळा, 'सुशिक्षित कन्येचा सौदा'. वत्सलेनं भिंतीवरून मसुदा मागून घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि परत दिला. "शुद्धलेखन बरं आहे," ती म्हणाली. "मला यात घालू नका."

पुढं काही दिवसांनी मी हुंड्याची पत्रकं घेऊन बीबीच्या बाजाराला गेलो. गणपतराव भेटले. माझं पत्रक त्यांनी न वाचता घेतलं आणि त्यात तंबाखू बांधली.

"तुमच्या अर्जनवीसाला रामराम सांगा," ते म्हणाले. "लई इमानी माणूस. दुसरा असता तर लपवलं असतं."

"काय लपवलं असतं?"

"कोड. पाठीवर हाय म्हणे त्याच्या. बापालाबी होतं. सोयरीक मोडली आम्ही, पण माणूस सोताहून आला. ओट्याच्या खाली बसला, आमच्या भांड्यातलं पाणीसुदिक घेतलं नाही. म्हणला, सोयरीक जुळायच्या आधी सांगणं माझं काम हाय."

लहानपणापासून रोज सकाळी मी आबाजींना विहिरीवर उघड्या अंगानं आंघोळ करताना पाहिलं होतं. त्या पाठीवर उन्हाळ्यातलं घामोळं सोडून कधी काही नव्हतं. मिळेल त्या बैलगाडीनं परत निघालो, आणि वाटेत एकेक गोष्ट जुळू लागली. चिंचेखाली आबाजींच्या सतरंजीसमोर हल्ली कोणी बसत नव्हतं. विहिरीवरही ते दिसेनासे झाले होते.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते न्हाणीतून बाहेर आले, ते बंद गळ्याचा कोट घालूनच. ज्येष्ठाच्या उकाड्यात.

"आबाजी, कोट काढा."

"काऊन बे?"

"बीबीला जाऊन आलो."

त्यांनी आधी आत डोकावलं. वत्सला शेजारी भांडी पोचवायला गेली होती. मग ते खाली बसले. "घामानं सदरा पाठीले चिकटला का आतलं दिसते. म्हणून कोट."

"तुम्ही खोटं बोललात. तेही कोडाचं. लोक तुमच्या हातचं पाणी घेणार नाहीत. वत्सलेला या मुलखात आता कोणी विचारणार नाही."

"हाव."

"आणि नागपूरनं नाही म्हटलं तर?"

ते कोटाचं बटण चाचपत राहिले. "एक दिवस पोरगी मले म्हणे, आबाजी, वाट पाहून थकली मी. बीबीले हो म्हणून टाका, तुमची अब्रू राहीन. भांडं घासता घासता म्हणे, वर पाहेच ना. मी नाही म्हटलं असतं तं तिनं आपल्या तोंडानं हो म्हटलं असतं. मंग म्हटलं, नाही बीबीवाल्याईच्याच तोंडून काढावं." दाराकडे पाहून म्हणाले, "तिले सांगजो नको. तिले वाटते, बीबीवाल्याईले शिकलेली सून नको होती."

खोटेपणावर आणि अंधश्रद्धेवर मी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या जबान्या लिहिणाऱ्या माणसानं खोटी जबानी एकदाच दिली होती, आणि ती स्वतःच्या कातडीवर.

त्यानंतर आबाजी पोस्टात गेले नाहीत. ओट्यावरची माणसं त्यांना पाहून सरकू लागली होती. पाकीट आलं ते घरीच. पोस्टमननं ते दारातूनच आत टाकलं. वत्सलेनं उभ्यानं वाचलं आणि घासलेल्या भांड्यांच्या ढिगावरच बसली.

"जागा मिळाली."

"हुकूम पुरा वाच," आबाजी म्हणाले. "अटी शेवटी राह्यतात."

तिनं शेवटपर्यंत वाचलं. अट कुठलीच नव्हती. खाली फक्त एवढंच, की सोबतचं तिकीट परत पाठवत आहोत.

जायच्या दिवशी मोटार सुटायला वेळ होता, म्हणून आम्ही अड्ड्यावरच्या हॉटेलात चहा मागवला. वत्सला आधीच मोटारीत खिडकीशी जाऊन बसली होती. हॉटेलवाल्यानं मला बशीसकट कप दिला. आबाजींपुढं कान तुटलेला एक कप ठेवला आणि चहा वरून, हातभर अंतरानं ओतला. मी उठलोच. आबाजींनी माझं मनगट धरलं.

"बस बे. पोरगी पाहून राह्यली."

खिडकीतून वत्सला म्हणाली, "आबाजी, कोट काढा ना. किती घाम आलाय."

"नागपूरवालीचा बाप आहे मी. कोट लागते," ते हसत म्हणाले आणि त्या तुटक्या कपातून चहाचा घोट घेतला, चांगला आवाज करून, तिला ऐकू जाईल असा.

मोटार गेली. धुरळा खाली बसला तेव्हा मी म्हणालो, "आता तरी सांगून टाका लोकांना. ती गेली."

"दोन साल शिकणं आहे तिचं. सुट्टीत पोरगी घरी येईन. तवा ओट्यावर कोणी स्थळ घेऊन बसलेला नसला पाहिजे."

असं म्हणून त्यांनी कप स्वतःच विसळला आणि बाकीच्या कपांपासून दूर, भिंतीच्या कडेला पालथा घातला.