आरशाला हात न लावता

लाकडाच्या तुकड्यावर डावीकडची अक्षरं काळीभोर उठली होती. उजवीकडे जाता जाता ती फिकी होत गेली होती आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातलं सासऱ्यांचं नाव शोधायला बॅटरी लागली असती.

"डेटा करप्ट होतोय," सुहास म्हणाला.

सुहास हेब्बाळच्या एका टेक पार्कमध्ये कसल्यातरी मोठ्या हुद्द्यावर होता. हुद्द्याचं नाव इतकं लांब होतं की पुण्यात त्याची आई नुसतंच "वरच्या पोस्टवर आहे" असं सांगून विषय बदलत असे. अशा पोस्टवरच्या माणसांना कधीतरी आपण हातानंही काही करावं अशी हुक्की येते. कोणी पाव भाजायला लागतो, कोणी महागडी सायकल घेऊन ती लिफ्टमधून वरखाली नेतो. सुहासने लेझरने लाकूड कोरायचं यंत्र घेतलं आणि युटिलिटीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, मांडलं. तेव्हापासून घरातल्या सगळ्या कपड्यांना जळक्या लाकडाचा वास यायचा. यंत्रावर त्याने आतापर्यंत एका किल्लीच्या बिल्ल्यावर स्वतःचं नाव, पेनच्या डबीवर स्वतःचं नाव आणि चहाच्या बशीखालच्या चकतीवर पुन्हा स्वतःचंच नाव कोरलं होतं. या सगळ्या चिमुकल्या वस्तू डाव्या कोपऱ्यात मावत, त्यामुळे यंत्र निर्दोष आहे अशी त्याची पक्की खात्री होती.

आता मात्र मोठी पाटी करायची होती. सासरे महांतेश हंचिनाळ यांनी मल्लेश्वरममध्ये नवं घर बांधलं होतं आणि रविवारी गृहप्रवेश होता. ही मंडळी मूळची बेळगावकडची. अप्पांचा, म्हणजे सासऱ्यांचा, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत गास्केटांचा कारखाना होता. पाइपांच्या सांध्यात बसवायच्या रबराच्या चकत्या तिथे मोठ्या लेझर मशीनवर कापल्या जात. त्यामुळे मेव्हणा योगीराज सहज म्हणून गेला होता, "दाजी, पाटी आमच्या मशीनवर काढून देतो की." सुहासने सगळ्यांसमोर हात वर करून त्याला थांबवलं होतं. "नाही, नाही. पाटी माझ्याकडून."

कारण होतं. लग्न झाल्यापासून अप्पांनी जावयाला एकच प्रश्न विचारला होता, "प्रिंटर का चालत नाही?" दुसरा काही विषय दोघांत निघतच नसे. मातीतनं कारखाना उभा केलेल्या त्या माणसाला संगणकावर बसून नेमकं काय केलं जातं हे कधी कळलं नाही आणि सुहासला ते सांगता आलं नाही. तेव्हा एकदा तरी आपण बनवलेली वस्तू अप्पांनी हातात घ्यावी आणि "वा" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. इच्छा चांगली होती. माणूसच तेवढा चुकीचा होता.

पाटीसाठी जाड सागवानी फळी अप्पांनी स्वतः पाठवली होती. "एवढी एकच आहे हां, जावईबापू," असं फोनवर बजावूनही झालं होतं.

"सुहास, ते माहितीचं पुस्तक स्वल्प वाच की," बायको पवित्रा म्हणाली. मग तो वाचणार नाही हे ठाऊक असल्यामुळे तिनेच वाचलं. "हे बघ. किरण नळीतून निघतो, तीन आरशांवरून वळत वळत भिंगापर्यंत येतो. पहिला आरसा थोडा जरी तिरका असला तर जवळ नीट उमटतं आणि लांब गेलं की किरण भिंगाच्या कडेला घासतो, म्हणून फिकं. दुसऱ्या आरशावर टेप चिकटवायची, तो एकदा जवळ आणून किरण सोडायचा, एकदा लांब नेऊन सोडायचा. दोन्ही डाग एकाच जागी पडले पाहिजेत. नाही पडले तर पहिल्या आरशामागचे स्क्रू फिरवायचे."

"स्क्रू?" सुहास हसला. ज्याला कोणी 'बैलगाडीनं जाऊ या का' असं विचारलं असावं, तसं हसला. "पवित्रा, कुठल्या काळात आहेस तू? स्क्रू हा प्रॉब्लेम नसतोच कधी. हा सॉफ्टवेअरचा इश्यू आहे."

मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं गेलं. केबल बदलली गेली. यंत्र बंद करून चालू केलं गेलं, लॅपटॉप बंद करून चालू केला गेला आणि शेवटी वायफायसुद्धा बंद करून चालू केलं गेलं, ज्याचा यंत्राशी काडीचा संबंध नव्हता. कोपरा फिकाच राहिला. इंटरनेटवरच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर त्याने प्रश्न टाकला तेव्हा जगभरातून झाडून सगळ्यांनी "आरसे जुळव" असं लिहिलं. सुहासने ग्रुप सोडला. म्हणे, तिथे लेव्हल नाही.

शुक्रवारी ऑफिसच्या एका लांबलचक मीटिंगमध्ये, कॅमेरा बंद करून बसला असताना, त्याला साक्षात्कार झाला. उजवीकडे किरण कमी पडतोय ना? मग उजवीकडे जास्त सोडायचा! मीटिंग संपायच्या आत त्याने प्रोग्राम लिहिला. यंत्राचं डोकं जसजसं उजव्या कोपऱ्याकडे सरकेल तसतशी लेझरची ताकद वाढत जाईल. चष्म्याची काच पुसायची सोडून घरभर मोठे दिवे लावावेत, त्यातला हा प्रकार. पण चाचणीचा तुकडा मात्र सगळीकडे सारखा काळा निघाला. सुहासने त्या युक्तीला भारदस्त इंग्रजी नाव दिलं, लगोलग तिचं सहा-सात स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं आणि बायकोला एक अक्षर सांगितलं नाही. तिच्यासमोर थेट खरी पाटी कोरायची आणि तिचं तोंड बघायचं, असा बेत होता.

पवित्राने पाहिलं ते एवढंच, की नवरा लाकडाकडे बघून एकटाच हसतोय. आदल्या दिवशीचा फिका तुकडा तिच्या डोळ्यांसमोर होता. तिने गुपचूप भावाला फोन लावला.

आता या योगीराजाबद्दलही सांगायला हवं, कारण तो काही कमी नव्हता. हाही इंजिनिअरच, पण याला दुसऱ्याच्या घरातली कुठलीही सैल वस्तू बघवत नसे. पाहुणा म्हणून जायचा आणि यजमानाचा नळ, दाराची बिजागरी, मिक्सरचं झाकण आवळून यायचा. केल्याचं कोणाला सांगायचा मात्र नाही, म्हणजे बिघडलं तर जबाबदारी नको. कोणी विचारलंच तर त्याचं उत्तर तयार असे, "मी कुठं काय केलो?"

शनिवारी सकाळी सुहास केस कापायला गेला तेवढ्यात योगीराज आमंत्रणाचे नारळ घेऊन आला. टेप लावली, डाग पाडले, स्क्रू फिरवले, नारळ ठेवले.

"झालं. आता किरण कोपऱ्यापर्यंत सरळ जातोय."

"त्याला सांगू नको हं," पवित्रा म्हणाली. "त्याला वाटू दे, आपलं आपल्यालाच जमलं."

"मी कुठं काय केलो?" योगीराज म्हणाला आणि जाता जाता बाथरूमच्या दाराची कडी आवळून गेला.

अशा रीतीने एका दुखण्याला दोन डॉक्टरांनी, एकमेकांना न सांगता, पुरा पुरा डोस दिला.

दुपारी सागवानी फळी यंत्रात ठेवली गेली. नवराबायको शेजारी शेजारी उभे राहिले. दोघंही आपापल्या गुपितावर खूश होते आणि एकमेकांकडे कौतुकाने बघत होते. वर डावीकडे कन्नडमध्ये घराचं नाव उमटलं, सुरेख. यंत्राचं डोकं खाली उजवीकडे सरकलं, मराठीत सासऱ्यांचं नाव सुरू झालं आणि धूर वाढला. 'महां' निखाऱ्यासारखं लाल झालं. 'तेश' पर्यंत ज्वाळा निघाली.

"बंद कर! सुहास, बंद कर!"

सुहासने लाल बटण दाबलं, पवित्राने ओलं फडकं टाकलं. फडकं उचललं तेव्हा सासऱ्यांच्या जागी कोळशाचा खड्डा होता.

"असं कसं झालं? मी तर लांबच्या कोपऱ्याला पॉवर वाढवून सगळं फिक्स केलं होतं!" सुहास ओरडला.

"पॉवर वाढवली होतीस?" पवित्राने कपाळाला हात लावला. "अरे देवा. आणि सकाळी योगीनं आरसे जुळवले."

सुहासने तिथल्या तिथे मेव्हण्याला फोन लावला.

"मी कुठं काय केलो, दाजी? दोन स्क्रू तर फिरवलो."

"मला न विचारता? लाइव्ह सिस्टिममध्ये? एवढं सुंदर चाललं होतं! यापुढे माझ्या कामात माझ्या परवानगीशिवाय हात घालायचा नाही. समजलं?"

"समजलं की," योगीराज शांतपणे म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

उद्या दारावर सगळ्या नातेवाइकांसमोर काय लावायचं, या विचाराने सुहासच्या तोंडचं पाणी पळालं. तो कोळशाच्या खड्ड्याकडे बघत बसला. शेवटी पवित्राने फळी उचलली आणि उलटी केली. फळी जाड होती, मागची बाजू कोरीच होती.

"ते तुझं पॉवर वाढवायचं काढून टाक," ती म्हणाली, "आणि कोर गप."

त्याने काढून टाकलं आणि गप कोरलं. पाटी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अशी देखणी निघाली की विकतची वाटावी.

रविवारी मल्लेश्वरमच्या नव्या घराच्या दारावर, खड्डा भिंतीकडे करून, पाटी लागली. पूजा आटोपल्यावर अप्पा बाहेर आले. त्यांनी आधी घराच्या नावावरून अंगठा फिरवला, मग स्वतःच्या नावावरून.

"वा," ते म्हणाले.

सुहासने इथे तोंड मिटून आत जाऊन जेवून घेतलं असतं तर त्याचं कल्याण झालं असतं. पण भोवती बेळगावहून आलेली मंडळी जमली होती आणि सासूबाई, शिवलीलाबाई, कौतुकाने म्हणाल्या, "अगदी एकसारखं आलंय की हो. कसं केलासा?"

"त्याचं काय आहे, अव्वा," सुहासने घसा साफ केला. पवित्राने त्याच्या दंडाला चिमटा काढला, तो त्याने झटकून टाकला. "मशीनचे आरसे आउट होते. दुसरा कोणी असता तर स्क्रू पिळत बसला असता. मी आरशाला हातसुद्धा लावला नाही. सगळं अल्गोरिदमनं केलं."

अप्पा जवळ सरकले. प्रिंटर सोडून दुसऱ्या कशासाठी ते जावयाचं बोलणं पहिल्यांदाच ऐकत होते.

"आरशाला हात न लावता?"

"अजिबात नाही, अप्पा."

"मोठ्या मशीनवर चालतंय काय हे?"

"प्रिन्सिपल सेमच असतं," सुहास म्हणाला. एवढा मान मिळत असताना कोण नाही म्हणतो?

"योग्या, ऐकलास काय रे?" अप्पा एकदम उत्साहात आले. "आमच्या मशीनचे आरसे हललेत, गास्केटांची मोठी ऑर्डर अडकलीय. उद्या कंपनीचा माणूस यायचा होता, दिवसभर काम बंद ठेवून स्क्रू फिरवत बसतोय तो. थांबा, नको म्हणून सांगतो त्याला." आणि त्यांनी खिशातून फोन काढून तिथल्या तिथे सांगितलंसुद्धा. "उद्या सकाळी गाडी पाठवतो, जावईबापू."

"उद्या मला मीटिंग..."

"मग परवा या. मशीन तोवर बंद ठेवतो. कुणाला हात लावू देत नाही."

दारावरची पाटी अल्गोरिदमनं नव्हे, योगीच्या दोन स्क्रूंनी नीट आली होती, हे सुहासला आत्ता आठवलं. तो हळूच मेव्हण्याकडे सरकला. योगीराज पुरणाच्या होळिगेवर तूप ओतून घेत होता.

"योगी, तू उद्या पहाटे जरा... म्हणजे कोणी यायच्या आत..."

"मी?" योगीराजने होळिगेचा तुकडा मोडला. "परवानगीशिवाय हात घालायचं नाही म्हणालासा की, दाजी."

"मी देतो परवानगी!"

"तुमची काय करू? मशीन अप्पांचं. त्यांनी आत्ताच नको म्हणाले."

तेवढ्यात अप्पांनी सुहासच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला ओढत नेऊन पीण्याच्या कारखानदार मित्रांच्या घोळक्यात उभं केलं.

"हे आमचे जावई," ते अभिमानाने म्हणाले. "आरशाला हात न लावता मशीन नीट करतात. तुमच्याकडे पण असं काही असेल तर सांगा, लाजू नका."

तिघांनी लगेच सांगितलं.