डॉक्टरांचे टाके

हेडक्लार्कांनी गोधडी शिवायला घेतली ती थंडी वाजत होती म्हणून नव्हे, तर वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांमुळे.

त्यांची बायको दर रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये गोधडी शिकायला जायची. तिथे हे डॉक्टरही यायचे. एवढ्या बायकांत एकटेच पुरुष, आणि कौतुक सगळं त्यांचंच.

"अहो, काय टाके घालतात ते! तांदळाच्या दाण्याएवढे, आणि सगळे एका ओळीत."

"दिवसभर लोकांच्या जबड्यात शिवणकामच तर करतात," हेडक्लार्क म्हणाले.

"हातात कला लागते हो. तुम्हाला शर्टाचं बटण तरी लावता येतं का?"

(येत नव्हतं. पण ते भर जेवणात काढायची काही गरज होती?)

बायकोचं कौतुक चालूच होतं. डॉक्टरांनी निळ्याशेजारी पिवळा तुकडा कसा खुलवला, डॉक्टर दोरा कसा बेताने ओढतात... भाजीत मीठ नव्हतं, आणि का नव्हतं तेही हेडक्लार्कांना बरोबर कळलं.

पुढच्या रविवारी बायको गेल्या गेल्या त्यांनी तिची तुकड्यांची पिशवी उपसली. खाली जुनी चादर, वर तुकडे, असा सगळा पसारा मांडीवर घेऊन ते जमिनीवर बसले. सुई आधी बोटात गेली, मग अंगठ्यात, मग एकदाची कापडात. आणि काय आश्चर्य, टाका पडला! दुसरा पडला. हेडक्लार्कांना चेव चढला. कापड जाड लागत होतं, पण हा प्रत्येक टाका डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून, असं म्हणत ते दात-ओठ खाऊन सुई आरपार खुपसत राहिले.

एवढ्यात दार उघडलं. बायको आली. मागे तिचं गाठोडं घेऊन साक्षात डॉक्टर.

"अगंबाई! तुम्ही आणि गोधडी?" बायकोचे डोळे चमकले. हेडक्लार्कांची छाती फुगली. "उठा ना, डॉक्टरांना नीट दाखवा."

हेडक्लार्क उठायला गेले. गोधडीही उठली. तिच्याबरोबर पॅन्टही ओढली गेली आणि ते धपकन खाली बसले.

"काय झालं?"

"काही नाही. बसूनच दाखवतो."

"अहो, पाहुण्यांसमोर असं काय करता?"

"गुडघे धरलेत का?" डॉक्टरांनी आपुलकीने विचारलं.

"गुडघे नाही," हेडक्लार्क कसेबसे म्हणाले, "गोधडीनं धरलंय."

टाके थेट पॅन्टीत उतरले होते. नव्याकोऱ्या पॅन्टीत, दोन्ही मांड्यांवर. बायको कात्री घेऊन आली, पण हसता हसता तिला ती नीट धरवेना. शेवटी डॉक्टरच पुढे बसले.

"दुखलं तर हात वर करा," ते सवयीने म्हणाले आणि एकेक टाका उसवू लागले.

एकदा कात्रीचं टोक मांडीला लागलं. हेडक्लार्कांनी हात वर करायच्या ऐवजी 'आऽऽ' करून बोंब ठोकली. डॉक्टर थांबले आणि मांडी सोडून त्यांच्या उघड्या तोंडात निरखून पाहत राहिले.

पॅन्ट सुटली. बायको उसवलेली ओळ हातात धरून म्हणाली, "कापडाला एक भोक नाही! यांचं उसवणंसुद्धा बघत राहावं असं."

हेडक्लार्कांना एवढंच हवं होतं की या माणसाने आता जावं. डॉक्टर दारापर्यंत गेलेही. मग वळले.

"वहिनी, ह्यांची मागची दाढ पार किडलीय. आत्ता ओरडले तेव्हा दिसली. उद्या दवाखान्यात पाठवा, काढावी लागेल. एखाददुसरा टाकाही पडेल."

"तुम्हीच घालणार ना?" बायकोने हौसेने विचारलं. "मग मीही येते बघायला!"