केरोबाचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर

एका जंगलात, मुलांनो, एक राजा होता. पण तो बाराही महिने दौऱ्यावर असायचा, म्हणून त्याला आपण या गोष्टीत घेणार नाही. त्याच जंगलात केरोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. आपली गोष्ट त्याची.

केरोबा बेस गिटार वाजवायचा. बेस गिटार म्हणजे काय ते सांगतो. ती वाजत असते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. ती थांबली की सगळे एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, काहीतरी कमी वाटतंय बुवा.

केरोबाच्या बँडमध्ये तिघं होते. वासुअण्णा मुंगूस गायचे, साधी गिटार वाजवायचे आणि सगळे निर्णय घ्यायचे. गोदाक्का साळिंदर ड्रम वाजवायच्या आणि गप्प बसायच्या. मोठ्या कार्यक्रमांना हत्तींचं पथक असायचं. यांच्या वाट्याला बारशी, साखरपुडे आणि कुणाच्या नव्या बिळाची वास्तुशांत. वीज कुठून यायची ते विचारू नका. जंगलावरून तारा जातात आणि आकडा टाकायला फांद्यांना तोटा नसतो.

आता केरोबाचा ॲम्प्लिफायर. एकदा एक सर्कस जंगलाच्या रस्त्याने गेली आणि तो रस्त्याच्या कडेलाच टाकून गेली, कारण सर्कशीतल्या हत्तीने तो पुन्हा उचलायला साफ नकार दिला होता. केरोबाने तो पाठीवर घेऊन घरी आणला. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह त्याच्या आत होते. चालू केला की ते हळूहळू नारिंगी व्हायचे. केरोबाला ते इतके आवडले की त्या वर्षी तो हिवाळ्यात झोपायचं विसरला.

हा ॲम्प्लिफायर वापरणं म्हणजे घरात सासरेबुवा ठेवण्यासारखं होतं. कार्यक्रम सकाळी दहाला असला तर केरोबा आठलाच हजर. आधी स्पीकरची वायर जोडायची, कारण स्पीकर न जोडता चालू केला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. मग पहिलं बटण दाबायचं आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. मग दुसरं बटण. मग वाजवायचं. आणि वाजवायचं म्हणजे काय, आवाजाची चकती एकावर ठेवायची. पाचावर तो ॲम्प्लिफायर खरा गातो, हे केरोबाला पक्कं ठाऊक होतं. पण दिडावर गेलं की यजमानांच्या छताची माती जेवणात पडायची.

"केरोबा," वासुअण्णा म्हणायचे, "बिळात बारसं असतं. तुम्ही आणता ते धूड बिळापेक्षा मोठं."

"पण आवाजातली ऊब बघा की," केरोबा म्हणायचा.

"मला तर फक्त माती दिसते."

एके दिवशी ॲम्प्लिफायर घूं करायला लागला. गाणं असो नसो, त्याची घूं चालूच. पुढच्या आठवड्यात यमुताई सशीणबाईंकडे चौदा पिल्लांचं बारसं होतं. केरोबाने ॲम्प्लिफायर पाठीवर घेतला आणि तो तात्या खवल्यांकडे गेला.

तात्या म्हणजे खवल्या मांजर. सगळ्या जंगलात व्हॉल्व्हची दुरुस्ती करणारे ते एकटेच उरले होते. त्यांनी ॲम्प्लिफायरची पाठ उघडली, एक हात पाठीमागे धरला आणि दुसऱ्याने काम सुरू केलं.

"तात्या, वायर तर काढलीय. मग एक हात मागे कशाला?"

"वायर काढली तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते," तात्या म्हणाले. "दोन्ही हात आत घातले तर ती एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हातातून बाहेर पडते. माझे गुरुजी दोन्ही हात घालायचे. म्हणून आता मी एकटाच उरलोय."

तात्यांनी आधी साठलेली वीज उतरवली, मग कंडेन्सर बदलले. शेवटचे दोन मोठे व्हॉल्व्ह थकले होते. ते नेहमी जोडीनेच बदलायचे असतात. तात्यांनी कपाटातून कापसात गुंडाळलेली एक जोडी काढली.

"ही शेवटची," ते म्हणाले. "जपून वापर. आणि नवे व्हॉल्व्ह घातले की पहिले काही तास तो चालू ठेवून समोर बसायचं. व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लाल दिसायला लागला तर लगेच बंद करायचा."

एवढ्यात वासुअण्णा आले. त्यांच्या हातात एक छोटा डबा होता. शाळेत नेतात तेवढाच. तोही ॲम्प्लिफायरच होता. त्याला एक बटण होतं आणि बटणावर लिहिलं होतं, 'जुना'. ते दाबलं की आवाज व्हॉल्व्हसारखा यायचा, असं वासुअण्णांचं म्हणणं.

"शक्य नाही," केरोबा म्हणाला.

"मग परीक्षा घेऊ. तुमचं धूड हरलं तर बारशाला हा डबा वाजेल."

जंगल रसिक मंडळाचे दोन सभासद बोलावले, घुबडराव आणि मोर. तिसरा परीक्षक स्वतः केरोबा. दोन्ही यंत्रं चादरीआड ठेवली. गिटार वासुअण्णांनी वाजवली आणि वायरी तात्यांनी बदलल्या. आधी एक आवाज आला, मग दुसरा.

घुबडरावांनी डोळे मिटले. मिटलेले डोळे त्यांना शोभायचे.

"पहिला," ते म्हणाले. "काय ती ऊब. दुसऱ्यात जीव नाही."

मोराने घुबडरावांकडे बघितलं. "मी तेच म्हणणार होतो."

केरोबाने मान डोलावली. त्याच्या पोटात आनंद मावत नव्हता. "पहिलाच. माझा ॲम्प्लिफायर मी ओळखणार नाही का?"

तात्यांनी चादर काढली. पहिला आवाज डब्याचा होता.

मग घुबडरावांनी डोळे उघडले. "पहिल्यातली ऊब जरा जास्तच होती, हे मी सांगणारच होतो. नकली ऊब नेहमी जास्त असते." मोर म्हणाला, त्यालाही तसंच वाटलं होतं. आणि दोघं घाईने निघून गेले.

केरोबाला मात्र कुठे जाता येईना. मुलांनो, दुसऱ्याने आपल्याला फसवलं तर निदान रागावता तरी येतं. इथे त्याचेच कान होते. तो ॲम्प्लिफायरकडे बघत राहिला आणि त्याला वाटलं, आपण याची माफी मागावी. पण सगळ्यांसमोर ते बरं दिसलं नसतं.

बारशाचा दिवस उजाडला. मार्गशीर्षातली सकाळ, धुकं असं की आपलाच पंजा आपल्याला दिसत नव्हता. केरोबा छोटा डबा घेऊन आला. आणि पाठीवर ॲम्प्लिफायरही.

"आपलं ठरलं होतं," वासुअण्णा म्हणाले.

"वाजवणार नाही. नवे व्हॉल्व्ह घातलेत, पहिले काही तास चालू ठेवून लक्ष ठेवायचंय. घरी ठेवला तर लक्ष कोण ठेवणार?"

गोदाक्का पहिल्यांदा बोलल्या. "ठेवू दे की. कोपऱ्यात राहील."

केरोबाने बिळाच्या ओसरीत, कोपऱ्यात तो ठेवला, स्पीकरची वायर लावली, बटणं दाबली, आणि व्हॉल्व्ह नारिंगी झाले. मग गिटार छोट्या डब्याला जोडून तो वाजवायला बसला, मान मात्र कोपऱ्याकडे.

यमुताईंनी चौदा पिल्लं टोपलीत आणली. सगळी थरथरत होती. त्यातलं एक टोपलीतून घसरलं, कोपऱ्यापर्यंत गेलं आणि ॲम्प्लिफायरला चिकटून बसलं. त्याचं थरथरणं थांबलं. यमुताईंनी ते बघितलं आणि टोपलीच उचलून तिकडे ठेवली. मग पिल्लांची आजी सरकली. मग मावश्या. मग पाहुणे. तिसऱ्या गाण्यापर्यंत बँडसमोर कुणीच उरलं नव्हतं. सगळे कोपऱ्यात पंजे पुढे करून बसले होते.

"काय ऊब आहे हो," एक म्हातारा ससा म्हणाला.

एक मावशी ओली दुपटी घेऊन आली आणि वर पसरायला लागली. केरोबा गाणं सोडून धावला.

"वर काही ठेवायचं नाही, मावशी. वरची हवेची जाळी झाकली तर आतलं सगळं जळेल."

"मग दुपटी कुठे वाळवू? चौदा आहेत."

केरोबाने विचार केला. त्याने दोन काठ्या रोवल्या, वीतभर अंतर सोडून वर तिसरी आडवी बांधली. मावशीने दुपटी टांगली. वासुअण्णा गातच होते, पण त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि पाळण्याचं गाणं सुरू झालं तेव्हा छोटा डबा एकदम गप्प झाला. बॅटरी संपली होती. ती भरायची असते हे वासुअण्णा विसरले होते.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. "काहीतरी कमी वाटतंय," म्हातारा ससा म्हणाला.

केरोबा उठला. त्याने वायर डब्यातून काढली, ॲम्प्लिफायरला जोडली, आणि चकती एकावर न ठेवता तिनावर नेली. केरोबाने खालची तार एकदाच छेडली.

तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच. तो जमिनीतून आला, पायांतून चढला आणि सगळ्यांच्या पोटात जाऊन बसला. गोदाक्कांचे काटे एकेक करून उभे राहिले. त्या आवाजात काहीही नकली नव्हतं, आणि आता चादर लावली असती तरी केरोबाने तो ओळखला असता.

मग छताची माती पडली, ती थेट खिरीत. आणि चौदाही पिल्लं जागी होऊन रडायला लागली.

यमुताई लगबगीने आल्या. "केरोबा भावजी," त्या हात जोडून म्हणाल्या, "तुमची मशीन फार छान आहे. पण वाजवू नका ना. नुसती पेटवून ठेवा."

केरोबाने वायर काढली. त्याचे कान खाली झाले. इतकी वर्षं निगा राखली ती शेगडीसाठी का, असं त्याला वाटलं, आणि त्याने घरी जायचं ठरवलं. पण तापलेला ॲम्प्लिफायर हलवता येत नाही, व्हॉल्व्ह फुटतात. आधी बंद करून निवू द्यायचा, म्हणून केरोबा त्याच्याजवळ जाऊन बसला. पहिलं घसरलेलं पिल्लू पुन्हा घसरत आलं आणि ॲम्प्लिफायरच्या लाकडाला कान लावून झोपलं. केरोबाला वाटलं, याला आतलं काहीतरी ऐकू येत असेल. मग त्याला वाटलं, नसेलही. त्याने ॲम्प्लिफायर बंद केला नाही.

त्या आठवड्यात पाच बोलावणी आली. प्रत्येक यजमान एकच सांगायचा, "तो नारिंगी दिव्यांचा हवाच." घुबडरावांनी जंगलाच्या वर्तमानपत्रात लांबलचक लेख लिहिला. व्हॉल्व्हचा आवाज कसा हाडांपर्यंत पोचतो, हे त्यांनी बारशाला न जाता लिहिलं. वासुअण्णांनी तो लेख कापून गिटारच्या खोक्यावर चिकटवला.

आता बँड असा बसतो. समोर मधोमध केरोबाचा ॲम्प्लिफायर, पेटलेला आणि मुका. त्याच्या मागे फडक्याखाली छोटा डबा. वाजतो तो डबा. टाळ्या पडतात ॲम्प्लिफायरला. वासुअण्णा आता सगळ्यांना सांगतात, आम्ही व्हॉल्व्हशिवाय वाजवतच नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. हल्ली ॲम्प्लिफायरचं एक टोक ते स्वतः उचलतात.

माघात ओढ्यापलीकडून रखमाबाई पाणमांजर आल्या. त्याही बेस गिटार वाजवायच्या, आणि त्यांना कुठून तरी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मिळाला होता. त्याची निगा कशी राखायची ते विचारायला त्या आल्या होत्या.

केरोबा खूश झाला. त्याने सांगितलं, आत मुंग्या घर करतात, म्हणून दर अमावास्येला पाठ उघडून बघायची. धूळ ब्रशने काढायची, फुंकर मारायची नाही, फुंकरीत ओल असते. व्हॉल्व्हचे पाय काळे पडले तर हलकेच घासायचे. काचेला उघडा पंजा लावायचा नाही, आपल्या अंगाचं तेल तिला लागतं. ओढा ओलांडताना खाली गवत घालायचं. सांगता सांगता दुपार कलली. रखमाबाईंनी सगळं झाडाच्या सालीवर लिहून घेतलं.

मग त्यांनी साल उलटून बघितली. "आणि वाजवायचा कसा?"

केरोबा थांबला. त्याने डोकं खाजवलं, ॲम्प्लिफायरकडे बघितलं, मग रखमाबाईंकडे.

"हे अजून कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "बसा. चहा ठेवतो."

तात्पर्य : जुन्या वस्तूची मनापासून निगा राखावी, म्हणजे ती कशासाठी आहे हे विचारायची वेळ कुणावर येत नाही. आणि मुलांनो, कुणी म्हणालं की या आवाजात ऊब आहे, तर वाद घालू नका. जवळ सरकून बसा आणि ओली दुपटी सोबत न्या.